कार्यभार यादी, नग पंधरावा

वाचून घ्या, नेरलीकर, मगच सही करा.
चाव्यांचा जुडगा. गाडीचं लॉगबुक.
न मिटलेली सतरा चौकशीप्रकरणं.
परभणीच्या छपराची निविदा;
मलाही ते गळतंच मिळालं होतं.
पोस्टमास्तर जनरल ही पाटी राहील, नावाची तेवढी उतरवतील.

नोकरीचं दुसरं वर्ष. भूकंपानंतरचा तेरावा दिवस.
औशाहून जीपनं मला एका तंबूत आणून सोडलं:
एक टेबल, कंदील, टपालाच्या दोन थैल्या
आणि शाखा डाकपाल गुंडरे, अख्खं गाव तोंडपाठ असलेले.
मी पत्ता वाचायची: मारुतीमागं, कडुनिंबासमोर.
ते मान हलवायचे.
मी लिहायची, मयत.
पुन्हा मान. पुन्हा मयत.
दिवेलागणीला माझा पेन संपला. दुसरा मागितला तर म्हणाले,
"उद्या लिवा, बाई. आता कुठं चाललीत ती मानसं?"

एक आंतरदेशीय राहिलं. गयाबाई बिराजदार यांस.
पाठवणारा भिवंडीहून पत्राआधीच पोचलेला.
नियमानं त्याचं त्याला परत द्यायचं. मी पुढं केलं.
त्यानं हात मागं घेतला.
"असू द्या टपालातच,"
एवढं बोलून तो पत्रे उचलायला गेला,
शेडचे, टिनाचे.

बदल्या मी मोजल्या नाहीत. तार बंद झाली.
मनीऑर्डरीच्या तळाची ती चिमुकली मोकळी जागा गेली,
जिथं लोक तीन ओळींत लग्न ठरवायचे.
लेकींच्या नावची पासबुकं उघडली, जालना पहिला आला;
ढाल कपाटावर आहे, नग नऊ.

जिंतूरच्या सोपान टाकरसांना मीच घरी बसवलं.
अकरा पत्रं उतरंडीत सापडली होती.
"गुडघे चढ घेईनात, मॅडम," म्हणाले.
मी सही केली, नेहमीसारखी, वळणदार.
आणि ड्रॉवर लावून घेतला,
ज्यात बारावं होतं.

चौदा नग तुम्ही तपासलेत. हा आत्ता लिहिते.
पत्र, आंतरदेशीय, एक. न उघडलेलं. घड्यांवर विरत आलेलं.
शेऱ्याच्या रकान्यात: वाटेत.

असं बघू नका. पिन तोच आहे, गाव मैलभर सरकलंय.
कडुनिंबासमोर असं आता तिथं काही नाही,
ब-११७, ब-११८ अशी घरं आहेत.
कुणाला द्यायचं ते मला एकतीस वर्षांत कळलं नाही,
तुम्हालाही विचारणार नाही.

इथं सही.
हो, तारीखसुद्धा.