खण क्रमांक एकतीस

दार उघडायचं, पण लगेच आत जायचं नाही.
पंखा लावून पंधरा मिनिटं बाहेर उभं राहायचं,
कपाटाने रात्रभर कोंडून धरलेला श्वास
आधी निघून जाऊ दे.
हे मला ओदिलने शिकवलं, पहिल्याच दिवशी.

ज्युरा डोंगरातलं घड्याळांचं गाव. बाहेर बर्फ.
आत एकशे चौदा घड्याळं, सगळी थांबलेली,
प्रत्येक दोन-दोन पिशव्यांत,
पिवळ्या चिठ्ठीवर माझं अक्षर:
काच काढू नये. चावी देऊ नये.
इथे काही खाऊ नये, नखं कुरतडू नयेत.
(नखांचं मी माझ्यासाठीच लिहिलंय.)

आज आर्मां जानरनो आले, वय अठ्ठ्याऐंशी,
बिस्किटांचा पत्र्याचा डबा छातीशी धरून.
आतलं घड्याळ आईने रंगवलेलं.
ती घरीच बसून आकडे काढायची, डझनावर मजुरी,
आठच्या पोटात रंग साचू द्यायचा नाही,
कुंचला पुसायला एप्रन होताच.
अंधारात तिचे हात दिसायचे, म्हणाले,
निजवायला आधी बोटं यायची,
मग आई.

मी डब्यावर मीटर धरला. टिकटिक सुरू झाली.
ते खुलले: "चालतंय की अजून!"
मला पटकन बोलता येईना.

दिवा मालवा, म्हणाले.
मालवला. काहीच दिसलं नाही.
चमकणारं रसायन केव्हाच थकलं, मी सांगितलं,
रेडियम नाही थकलेलं,
सोळाशे वर्षांनी ते निम्मं होईल.
"निम्मं," ते म्हणाले,
वाण्याने वजनात मारल्यासारखे.

एकदाच चावी देऊ?
नको. रंगाचा कपचा सुटला तर त्याची धूळ होते,
आणि धूळ कुणाच्या छातीत जाऊन बसेल सांगता येत नाही.
त्यांनी मान हलवली. छातीवरचा हात
सावकाश खाली घेतला.

हातमोजे उलटे करत काढले. हात धुतले.
तळव्यांवरून मीटर फिरवला: गप्प.
सवयीने त्यांच्या बाहीवरूनही फिरवला.
कोपरापाशी तो पुन्हा बोलू लागला.

"आई रंगवायची कुठे बसून?"
"स्वयंपाकघरात. टेबलावर."
"ते टेबल आता कुठे असतं?"
"कुठे जाणार?
त्याच्यावरच जेवतो मी."

फॉर्मवर, वस्तूंची संख्या या रकान्यात,
मी आधीच लिहून ठेवलं होतं: एक.