किमान देय रक्कम

देवगड बंदरावरच्या बर्फ कारखान्यात
मी उधारी लिहिते.
कुठल्या होडीला किती लाद्या,
कुणाचं गेल्या उधाणापासून अडलंय,
कोण पुनवेला देतो म्हणाला
आणि कुठल्या पुनवेला ते बोलला नाही.
लादीचं दुपारपर्यंत पाणी होतं,
आकडा वहीत तसाच राहतो.
हे मला कुणी शिकवायला नको होतं.

माझा आकडा वहीत नाही.
फोनमध्ये आहे, बोटाचा ठसा दिल्याशिवाय दिसत नाही.
चौऱ्याऐंशी हजार तीनशे बारा.
शिवाय पगाराच्या खात्यात एक आडवी रेघ
आणि रेघेपुढे अकरा हजार.
आधी वाटलं, स्क्रीनवर ओरखडा पडलाय.

बंदीत सुरू झालं.
होड्या वर ओढलेल्या, कारखाना अर्धा, पगार अर्धा,
भूक मात्र पुरी, चोवीस वर्षांची.
आईची दाढ. कणकवलीला तीन खेपा.
हे सांगण्यासारखं आहे म्हणून आधी सांगितलं.
मग चपला. मग अजून चपला.
मग प्रज्वलाच्या वाढदिवसाला गोव्यात
सगळ्यांचं बिल मीच दिलं,
कार्ड मशीनला नुसतं टेकवलं, टुं वाजलं,
आणि सगळ्यांनी माझ्याकडे जसं बघितलं ना,
त्याचे हप्ते मी अजून भरते आहे.

रोज सव्वादहाला फोन येतो.
'हर्षला मॅडम बोल रही हैं?'
मी सांगते, ती मासे आणायला गेलीय.
हर्षला रोज मासे आणायला जाते.
बाबांना वाटतं, कुणीतरी मुलगा आहे.

एका रात्रपाळीला कार्ड साच्यात सोडलं,
बारा नंबरच्या.
सकाळी ते लादीच्या पोटात उभं होतं,
पापलेटासारखं चकचकीत.
'रवळनाथ प्रसाद'वाल्यांनी लादी नेली,
क्रशरमध्ये घातली,
माझे सोळा आकडे बांगड्यांवर कुठेतरी पसरले.
मोकळं वाटलं. अर्धा दिवस.
संध्याकाळी फोनवर ड्रेस बघितला.
नंबर सेव्ह होता.

सुमती खवणेकर अमावास्येला येते.
टोपली पायरीवर ठेवते,
ओच्यातून पन्नासच्या दोन नोटा काढते, ओल्या.
'गो, माजा किती रव्हला?'
रांग उभी असते, तरी मोठ्याने.
'नऊशे चाळीस.'
'शंभर खोड. आनि आठ दिवस बर्फ नको माका.
मीठ लावतंय.'
खोडलेलं वाकून बघते,
वाचता येत नाही तरी.

त्या रात्री वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं,
सगळ्यांचं लिहिते तसं, आडनाव आधी:
तारी, हर्षला.
किमान देय, चार हजार दोनशे सोळा.
त्यातलं व्याज दोन हजार नऊशे एक्कावन्न.
व्याजावर कर पाचशे एकतीस.
खरे उतरणार सातशे चौतीस.
दोनदा केलं गणित. तेवढेच.
इतके दिवस मी होडीतलं पाणी
चमच्याने काढत होते
आणि चमचाही उसना.

सव्वादहा.
'हां, मीच हर्षला.
एकदम नाही जमणार, हप्ते पाडून द्या.
बत्तीसशे. नाही, चार हजार नाही, बत्तीसशे.
आणि कार्ड बंद करा. हो, कायमचं.'
नेमका क्रशर थांबला होता.
बत्तीसशे अख्ख्या धक्क्याने ऐकले.

घरी माझ्या आधी पोचले.
बाबांनी ताटावरून मान वर केली नाही.
'किती रव्हला?'
मी सांगितला. सुट्ट्या बारा रुपयांसकट.
बराच वेळ कुणी काही बोललं नाही,
फक्त कालवणातला काटा बाबांनी ताटाच्या कडेला लावला.
मग आईने गालावर हात ठेवून विचारलं,
'दाढेचे किती त्येतले?'

थोडेच गं, मी म्हटलं.
बाकीच्या चपला.