मूळ सापडत नाही

पहाटेचे तीन. आचाओचं रेडिओ स्टेशन.
शेगडीत ओलं लाकूड कुरकुरतंय
आणि पडद्यावर, काळ्यावर पांढरं:
मूळ फाइल-सिस्टिम सापडत नाही.
खाली लुकलुकायला कर्सरही नाही.

काल संध्याकाळी मीच म्हटलं होतं अपग्रेडला हो,
परत विचारलं तेव्हा परत हो,
आणि शिंपल्यांचं कालवण ढवळायला घरी गेले.

सहाला निरोप वाचायचे असतात.
केनाकच्या ओर्तेन्सियाचं ऑपरेशन नीट झालं.
लिनलिनला गुरुवारी होडी नाही.
कुणाच्या भावाने धक्क्यावर दोन पोती बटाटे ठेवलेत.
तिकडे फोन लागत नाही, रेडिओ लागतो.

डॉन एलेउतेरिओ, रात्रीचे राखणदार, मागे उभे.
"काय म्हणतंय?"
"मूळ सापडत नाही म्हणतंय."
ते हसले नाहीत.
"आम्ही एकदा घर हलवलं. ओंडक्यांवरून, अठरा बैल लावून,
मग भरतीवर तरंगवत पलीकडच्या काठाला.
आत चूलही पेटती होती.
पोचलो, तर तिकडे खांब रोवायचेच राहिलेले.
दार होतं, उंबरा होता. खाली काही नाही."

पेनड्राइव्हच्या उसन्या श्वासावर मशीन उठवलं.
डिस्क जोडली, आत शिरले.
इथे पेंड खात होतं घोडं:
बूटचा कप्पा शंभर टक्के भरलेला.
सहा जुनी कर्नेलं, असू देत, लागतील म्हणून ठेवलेली,
आणि नवं, जागेअभावी अर्धंच लिहिलेलं.
मेनूतून जुनं निवडता आलं असतं;
तो मेनू मीच लपवला होता,
रोजचे दोन सेकंद वाचावेत म्हणून.

पाच पुसली. नवं पुन्हा बांधायला घेतलं.
रीस्टार्ट. तेच काळं, तेच पांढरं.
एक जोडणी विसरले होते. साडेचार वाजले.
माझ्या तोंडून जे निघालं
ते डॉन एलेउतेरिओंनी ऐकलं नाही असं दाखवलं.

दुसऱ्यांदा सावकाश, एकेक ओळ मोठ्याने वाचत.
मग ओळी धावल्या, धावत राहिल्या,
आणि पंखा नेहमीच्या आवाजात घरघरू लागला.

सहाला पाच मिनिटं कमी. मी माइक पुसतेय.
"जी पुसलीस," ते विचारतात, "ती बिघडलेली होती का?"
"नाही. सगळी चालत होती."
ते शेगडीत लाकूड सारतात.
मेनू आता दिसतो. पाच सेकंद.
बटाट्यांच्या निरोपात पोती दोन की तीन,
ते अक्षर मला लागत नाहीये.