टॉवेलएवढी जागा

गाडी आली तेव्हा तिचा रंग विचारावा लागला.
‘निळी,’ म्हणाले भूपाल मगदूम, समडोळीचे,
आणि स्वतःच जरा थबकले.

टपावर, बॉनेटवर, डाव्या आरशाच्या कानावर
वडाची फळं खाऊन पाखरांनी टाकलेलं,
रात्री वटवाघळांनी त्यावर भर घातलेली,
वर धूळ, मग ऊन, परत धूळ, परत ऊन.
खसखशीएवढ्या बिया डागात घट्ट बसलेल्या,
कडा अशा उचललेल्या
की वाटावं, नख घातलं की निघेल.

नख घालायचं नाही.
हे मला गैबीचाचांनी शिकवलं, कानफटात देऊन.
वाळलेल्याशी भांडायचं नसतं, म्हणायचे.
आधी गाडी सावलीत घे,
बॉनेट तळहाताला गार लागेपर्यंत थांब.
मग जुन्या सुती चादरीची घडी, कोमट पाणी, झाकणभर शांपू.
पोटीस ठेवतात तशी ठेव डागावर
आणि चहाला जा.
खाली पडलेलं फडकं परत गाडीला लावशील तर हात मोडीन.
आणि ऐक,
डाग आपण काढत नसतो रे,
तो सुटतो.

विश्रामबागच्या पुढं, मिरज रोडला, आमचं पत्र्याचं शेड.
मी घड्या ठेवल्या, मगदूम बाकड्यावर बसले.
चहा सांगितला, त्यांनी बिनसाखरेचा मागितला.
कुठल्या झाडाखाली होती, हे मी विचारलं नाही.
पंधरा वर्षं गाड्या धुतोय.
उसाच्या ट्रकमागून आलेल्या गाडीला चिकट नाक असतं,
हळदीच्या गोदामापाशी थांबलेलीच्या रबरात पिवळी रेघ,
आणि वडाचे डाग, इतके, एकावर एक,
म्हणजे दवाखाना.

‘एक्केचाळीस दिवस,’ ते आपणहून म्हणाले.
‘धाकटा भाऊ.
आत एकालाच झोपू द्यायचे, त्याची बायको असायची.
मी गाडीत.’

घड्या उचलल्या. बरेचसे आपोआप आले चादरीबरोबर.
राहिले त्यांना चिकणमातीची वडी, पाणी मारत, हलक्या हातानं,
आधी खरखर लागते, मग हळूहळू आवाज जातो.
वायपरच्या बुडाशी गाळात वडाचं रोप आलेलं,
दोन पानांचं.
काडीनं उकरून टाकलं, नेहमीसारखं.

मग पुसताना ते दिसलं.
बॉनेटवर, ड्रायव्हरच्या बाजूला,
काचेपासून खाली हातभर
एक चौकोन,
शोरूममधून आल्यासारखा निळा.
बाकी सगळा रंग विटलेला, करपलेला.
तिथं मात्र काहीच झालं नव्हतं.

कंपाउंड लावलं. मशीन फिरवलं.
बाकीचं उजळत गेलं, खूप उजळलं,
पण चौकोनाच्या जवळपास येईना.
डाग निघतो हो,
जिथं डाग पडलाच नाही ती जागा कशी काढायची?

‘टॉवेल,’ मगदूम म्हणाले, माझ्या मागून.
‘सकाळी तिथल्या नळावर धुवायचो,
वायपरखाली टोक अडकवून वाळत घालायचो.
रात्री उशाला.’
वायपरखाली टोक, थेंब थेंब पाणी.
मी गटारीकडं बघितलं. रोप वाहून गेलं होतं.

‘मग? भाऊ?’
‘सुटला,’ म्हणाले.

मिरजेत या शब्दाचे दोन अर्थ होतात.
दुसऱ्यांदा विचारायला हात कोरडे लागतात,
माझे ओले होते.

मेण लावलं, पैसे सांगितले.
त्यांनी पन्नास रुपयांसाठी घासाघीस केली, भरपूर केली,
मला बरं वाटलं.
मग नळावर तोंड धुतलं,
डिकीतून टॉवेल काढला, तोंड पुसलं,
टॉवेल खळबळून पिळला
आणि बोलता बोलता टाकला बॉनेटवर,
टोक वायपरखाली.

मेण अजून वाळायचं होतं.
मी काही म्हणालो नाही.