खंडेनवमीला पक्कड पूजेत

पाऊस गेला की कुंडी फिरवायची, पाव वळसा,
सावलीकडची बाजू उन्हाकडे.
शेवाळ खरवडायचं, पण सगळं नाही.
पाणी आता विचारून घालायचं, म्हणजे बोट खुपसून;
पहिल्या पेरापर्यंत माती ओली लागली
तर तांब्या परत ठेवायचा.
खत बंद. चिमूटभर चुलीची राख.
आणि तार तपासायची.
आश्विनातलं काम एवढंच,
त्यातलं शेवटचं मी विसरलो.

एकोणीस वर्षांचा आपटा, उंची वीत आणि चार बोटं.
जांबोटीच्या रस्त्याला तांबड्या दरडीत सापडला,
जेसीबी यायच्या आदल्या दिवशी.
ओल्या बनियनात गुंडाळून
स्कूटरच्या डिकीतून वडगावात आणला.

उद्यमबागेत माझं मोटर वाइंडिंगचं दुकान.
जळालेल्या मोटरचं तांबं मऊ असतं,
आगीतून आलेलं, म्हणाल तसं वळतं.
आषाढात सोळा गेजची तार घेऊन
डावी फांदी खाली आणली, सावकाश,
तीन संध्याकाळी लावून.
मग गुऱ्हाळवाल्यांची घाई सुरू झाली,
सगळ्यांनाच दसऱ्याआधी मोटर पाहिजे.
पावसात फांदी जाड होते.
तार होत नाही.

खंडेनवमीच्या सकाळी पानं बाजूला केली तर
तार सालीत बुडालेली,
दोन्ही कडांनी साल वर आलेली,
जुनी अंगठी रुतलेल्या बोटासारखी.
हात पक्कडीकडे गेला.
पक्कड पाटावर, हळदकुंकवात,
डोक्यावर झेंडूची पाकळी.
शेजारी कानस, मीटर, वाइंडिंगची फिरकी.
आज हत्याराला हात लावायचा नाही.
आतून अक्काचा आवाज, "काय करुलालास तिथं एवढा वेळ?"
"काही नाही. बघूलालो."
रात्री टॉर्च घेऊन परत गेलो.
नख घालून पाहिलं. नख तुटलं.

दसऱ्याला दिवे लागायच्या वेळी
पलीकडच्या हिरेमठांची सहना आली,
सात वर्षांची, नवा परकर, मूठ बंद.
"बन्नी तगोंडु बंगारदंग इरोणु"
म्हणत वाकली, मूठ उघडली.
मीही सवयीनं म्हटलं, सोन्यासारखी राहा,
आणि मग पान पाहिलं.
नखाएवढं.
एवढं लहान पान अख्ख्या वडगावात
एकाच झाडाला येतं.

आश्विनात पान तोडायचं नसतं,
थंडीची शिदोरी झाड पानातूनच भरत असतं,
हे तिला कन्नडात सांगायला मी शब्द जुळवत होतो.
तोवर तीच म्हणाली,
"सण्ण बंगार ऐती नोडु, अज्जा."
लहान सोनं.
मी जुळवलेले शब्द तिथंच सोडले.

गच्चीवर डावी फांदी उघडी पडलेली.
अकरा घरांत वाटून आली होती बया.
आणि त्या उघड्या फांदीच्या बगलेत
तारेचा आणखी एक वेढा,
पानांनी झाकलेला, मीच घातलेला,
माझ्या हिशेबात नसलेला.

रुतलेली तार उलगडायची नसते,
जागच्या जागी तोडायची.
टॉर्च सहनानं धरला.
प्रत्येक टक् ला ती मोजत गेली,
ओंदु, एरडु, मूरु,
हत्तुला तिला जांभई आली,
अकरापासून पुढे मी.
एकवीस निघाले.
बगलेतला निघेना.
ओढला असता तर साल सोबत आली असती.
तो राहू दिला.

फांदी मात्र वर गेली नाही.
तार सुटली तरी आणली तिथंच थांबली,
जरा वाकडी, उघडी.

एकवीस तुकडे भंगाराच्या डब्यात, वजनावर जातील.
पान बिलबुकात.
कुंडी आठवडाभर जिन्याखाली, पानं नाहीत तर ऊन कशाला.
"पाणी घातलंस काय रे झाडाला?" अक्का.
बोट घालून पाहिलं.
ओली होती.
तांब्या परत ठेवला.