अन्य, असल्यास लिहा

एका फॉर्मचे दीड दिनार.
दिवसात वीस झाले तर टॅक्सी परवडते,
नाहीतर हाशमी शमालीचा चढ पायीच.
दारोदार उभी राहून मी विचारते
आठवड्यातून किती वेळा, गाडीत की घरी,
आणि तेरावा प्रश्न,
जो हळू वाचा असं ट्रेनिंगमध्ये कुणी सांगितलं नव्हतं
तरी आम्ही सगळ्याजणी हळूच वाचतो:
हे स्टेशन ऐकायला लागल्यापासून
त्या देशाविषयीचं तुमचं मत
सुधारलं, बिघडलं, की आहे तसंच?

पोरं म्हणतात, गाणी झकास.
एक आपलं, एक त्यांचं, एक आपलं, एक त्यांचं,
आणि मधेच सहा मिनिटं बातम्या,
गुळात कडू गोळी घालून द्यावी तशा.
गोळी जिभेनं बाजूला काढून
गूळ तेवढा चघळतात सगळे.
बातम्या लागल्या की बायका चहा टाकतात,
ड्रायव्हर उतरून टायरची हवा बघतात,
माझा भाऊ मुतायला जातो.
फॉर्मवर तोही श्रोता.

धन्नूनच्या सलूनमध्ये मात्र उलटंच.
गाणं लागलं की तो आवाज बारीक करतो,
बातम्यांना मोठा.
असा माणूस महिन्यातून एक सापडतो,
वरच्या साहेबांना असाच हवा असतो.
मी पेन काढलं. का ऐकता?
विश्वासार्ह? जलद? निःपक्षपाती?
तो म्हणाला, चाळीस ऐकायला.

अकराच्या बातम्या वाचते ती बाई
समुद्रापलीकडून बोलते.
इस्त्री केलेली अरबी, कुठल्याच गावची नसलेली.
पण मागच्या रमझानात एकदा
कसल्याशा स्फोटातल्या मेलेल्यांचा आकडा वाचताना
तिची जीभ घसरली.
अर्बईन म्हणायचं, तर म्हणाली अग़्बईन.
दातांमागचा र सुटला आणि घशात जाऊन बसला.
एवढंच. पुढच्या शब्दाला ती सावरली.

"असा र फक्त मोसुलात पडतो," धन्नून म्हणाला.
"रास म्हणजे डोकं. आमच्या तोंडी त्याचं होतं ग़ास.
सव्वीस वर्षं मी ग़ास भादरली तिथं.
आता ती गल्ली नाही. गल्लीपुढचा पूल नाही.
पूल पाडला असं नाही म्हणाली हं ती,
म्हणाली, पूल पडला.
असू दे. पगार आहे तिचा.
पण पोरी, त्या बाईच्या घशात
माझी गल्ली अजून राहते."

मी तेरावा प्रश्न विचारला.
"देशाविषयी?" तो वस्तरा पुसत म्हणाला,
"बाईविषयी विचार."

खुर्चीतलं गिऱ्हाईक गळ्यापर्यंत फेसात.
तेवढ्यात अकरा वाजले.
धन्नूननं रेडिओची खुंटी पिळली.
कुठे परिषद, कुठे तेलाचा भाव,
आणि मग ती म्हणाली, चौतीस जखमी.
वस्तरा गळ्यावर थांबला.
गिऱ्हाईकानंही आवंढा गिळला नाही,
त्याला सवय असावी.
अर्बअ, ती म्हणाली. र लख्ख, धुतल्यासारखा.
वस्तरा पुढे सरकला.
"कुणीतरी सांगितलं असणार तिला," धन्नून पुटपुटला,
"नाहीतर ती विसरली."
दोन्हींतलं वाईट कुठलं, ते त्याला ठरवता येईना.

'अन्य'समोरची रेघ बोटभर लांब.
तिच्यात घसा मावेना.
मी 'विश्वासार्ह'वर खूण केली,
तेराव्याला 'आहे तसंच',
मग खोडून 'सुधारलं',
कारण सुधारलं आलं नाही तर
पुढच्या वर्षी फॉर्मच येत नाहीत.

त्या दिवशी अठराच झाले.
चढावर, भाजीवाल्याच्या गाड्यापाशी कुणी नाही बघून
मी म्हणून पाहिलं:
अर्बईन. अग़्... अर्बईन.
नाही जमलं.
खोकला तेवढा आला.