विरजण

बेकिनकेऱ्यात मसूर फुलावर आलेला,
तेव्हा आमच्या चंद्रीचा मागचा डावा सड तापला.
धार काढली तर आधी नुसतं पाणी,
मग गाठी, मग एक लाल रेघ.

हुक्केरी डॉक्टरीण स्कूटीवरून आली.
काळ्या ताटलीत चार धारा घेतल्या, वाकून बघितल्या.
तिचं मराठी मधेच कानडीत उतरतं
आणि मला तेच जास्त कळतं, माहेर संकेश्वरकडचं.

"जंतूला गोडे असते. भिंत.
वाढायचं तर थोडी पाडायची, थोडी बांधायची.
हे औषध गवंड्याचा हात धरून ठेवतं.
पाडणं चालू, बांधणं बंद.
मग पाणी आत शिरतं, तो फुगतो, फुटतो."

"आणि म्हशीला काय नाही होत?"

"म्हशीच्या पेशीला भिंतच नाही. नुसती साय."
हसली ती. मला ते बरेच दिवस पुरलं,
भिंत नाही म्हणून वाचणं.

सडाचं टोक पुसून पुसून तिनं एक नळी आत सोडली,
दोन माझ्या हातात दिल्या. रोज एक.
"शेवटच्या नळीनंतर चार दिवस दूध सांडायचं.
चारी सडांचं. मांजरालासुद्धा नाही."

पहिल्या दिवशी सांडलं.
गटारीतून पांढरं वाहताना
सासरे खाटेवर उठून बसले, बोलले नाहीत.
दुसऱ्या दिवशी दुसरी नळी. कास मऊ, धार घट्ट.
तिसरी मी कोनाड्यात ठेवली, हळदीच्या डबीमागं,
असू दे पुढच्या वेळेला.
आणि दूध तुळसाक्काला घातलं.

तुळसाक्का शनिवारच्या बाजारात दही विकते, बेळगावात.
शुक्रवारी रात्री सहा गाडग्यांना विरजण लावलं,
घोंगडीत गुंडाळून चुलीशी ठेवली.
पहाटे सहाही गाडग्यांत दूध.
आंबलं नाही, नासलं नाही, हलवलं की डुचमळतंय.
तिनं थंडीला शिव्या दिल्या, गाडग्यांना दिल्या,
मग वाटी घेऊन माझ्याच दारात.
"तुझं विरजण दे की ग. माझं मेलं."

मेलं, हे तिनं बरोबर सांगितलं.
दह्याच्या जंतूलाही गोडे असते
आणि औषधाला घरचा कोण, परका कोण, कळत नाही.
मी वाटी भरून दिली. वर ताटली झाकली.
बाकी काही बोलले नाही.

होळीच्या आसपास तोच सड पुन्हा.
कोनाड्यातली नळी मी स्वतःच सोडली.
उतार पडला नाही.
डॉक्टरणीनं रिकामी नळी उचलून तारीख वाचली,
माझ्याकडं न बघता म्हणाली,
"अर्ध्यात सोडलंस. वाचतात ते कात्री घेऊन येतात.
या औषधाला एक चौकोनी कडी असते, ती कापतात."
दूध बाटलीत भरून तपासायला नेलं,
दुसरं औषध लिहून दिलं, नाव लांबलचक.
उरलेल्या नळ्या मोजायला ती पुन्हा आली, दोनदा.

चंद्री वाचली. सड आटला.
आता तिघांवर चाललंय.

तुळसाक्का परवा म्हणाली, तुझ्या विरजणाला हात आहे बघ.
मी मान हलवली, गवत टाकायला वळले.

सहा गाडग्यांचे पैसे मी मोजून ठेवलेत,
हळदीच्या डबीमागं.
तिथं जागा होतीच.